बाळी काढायला सांगणारा रेफ्री बरोबरच होता

घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. शाळेच्या फुटबॉल मॅचला रेफ्रीने एका मुलाला कानातली बाळी काढल्याशिवाय खेळू दिलं नाही, मुलगा म्हणाला टेप लावतो, रेफ्री नाही म्हणाला, आणि आता निम्मे लोक म्हणतायत एवढीशी बाळी, कुणाला काय होणार होतं, उगाच पोराला सगळ्यांसमोर रडवलं. मी कॅनडात राहते, माझी मुलगी इथे क्लबकडून खेळते, आणि मी पूर्णपणे त्या रेफ्रीच्या बाजूने आहे.

मुळात हे त्याच्या मनावर नसतंच. फुटबॉलचे नियम आयफॅब नावाचं आंतरराष्ट्रीय मंडळ ठरवतं, त्यातला चौथा नियम खेळाडूच्या साहित्याचा, त्यात स्पष्ट आहे की चेन, अंगठी, कडं, बाळी, अगदी रबरबँडसुद्धा चालणार नाही आणि टेपने झाकलेलंही चालणार नाही. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्व्हेट क्लबचा खेळाडू पाउलो दिओगो गोलच्या आनंदात कुंपणावर चढला, उडी मारताना लग्नाची अंगठी जाळीत अडकली आणि बोटाचा तुकडा तुटला. टेपने काय वाचलं असतं?

इथे मॅचआधी मुली ओळीने उभ्या राहतात, एकेक पाय मागे वर करतात, लाइन्समन बुटाच्या तळाला हात लावून बघतो, तळाचे स्टड म्हणजे खुंट्या झिजून कड धारदार झाली असेल तर लगेच बूट बदलायला सांगतो, मग नडगीवर टकटक करून शिनगार्ड आहे ना ते बघायचं, मग हात, मग कान. झालं, दोन-तीन मिनिटं. कुणी रडत नाही कारण हे प्रत्येक मॅचला होतं आणि सगळ्यांचं होतं. आपल्याकडे मी ज्या मॅचेस बघितल्या तिथे एरवी कुणी बघायचंच नाही आणि फायनलला अचानक तपासणी, मग ज्याला अडवलं त्याला वाटणारच की मलाच का. राग यायचाच असेल तर ह्या गोष्टीचा यावा.

आणि इथे सगळं आलबेल आहे असंही नाही हं. २०१३ मध्ये इथल्या क्युबेक प्रांताच्या फुटबॉल संघटनेने पगडी घालून खेळायला बंदी केली होती, सुरक्षेचं कारण देऊन, शीख मुलं घरी बसली. लोक भांडले, कॅनडाच्या संघटनेने क्युबेकला निलंबित केलं, फिफाने पगडीला परवानगी दिली, बंदी उठली आणि २०१४ मध्ये डोकं झाकायची मुभा नियमातच आली. पगडीने कुणाला इजा होत नव्हती म्हणून ते भांडण योग्य होतं, आणि ते नियम करणाऱ्यांशी झालं, मैदानावरच्या रेफ्रीशी नाही. धातूच्या बाळीचं तसं नाही, बॉल कानावर बसला तर पाळी फाटू शकते.

मला खरी काळजी वाटते ती हल्लीच्या इवल्याशा शिनगार्डची. २०२४ पासून नियमच म्हणतो की शिनगार्ड पुरेसं मोठं आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची. दहा-बारा वर्षांच्या पोराला काय कळणार त्यातलं, ते आईबापांनीच मॅचच्या आदल्या रात्री पायाला लावून बघायला हवं, आणि बाळी काढायची तर तीही तेव्हाच, घरी.