पी-३ वर गादी

आज माझी ॲक्टिव्हा उचलून नेली. ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दुपारी पावणेतीनला. गाडी रस्त्यावरच होती, तेव्हा चूक माझी. दंड भरला, पावती पर्समध्ये आहे, त्यावर मला भांडायचंच नाही. भांडण दुसरंच आहे, आणि ते लिहिल्याशिवाय आज झोप येणार नाही.

नागपुरात मानेवाड्याकडे एक नवी तीन मजली इमारत झाली आहे. नाव लिहीत नाही, तुमच्याही गल्लीत तशीच एक असेल. खाली गाद्यांचं दुकान. बाबांचा मणका दुखतो, म्हणून कडक गादी बघायला गेले होते. दुकानातल्या पोराने भिंतीला टेकवलेल्या गाद्यांतली एक ओढून बाजूला केली, अन् खाली फरशीवर पिवळा ऑइल पेंट दिसला. जाड पट्टा, त्याच्या बाजूला ठसठशीत ‘पी-३’.

म्हटलं, हे काय रे? ‘ते आधीचंच आहे ताई.’ आधीचं म्हणजे कधीचं? मग नीट बघितलं. दुकानाच्या मधोमध चार कॉलम, छत हाताला लागेल इतकं खाली, दाराशी पायरी नाही, रॅम्प. आपण पार्किंगमध्ये उभे आहोत हे डोक्यात शिरतंय तोवर बाहेरून कोणीतरी ओरडलं, ‘गाड्या उचलून राहिले!’ तोंडाला स्कार्फ गुंडाळून बाहेर येईपर्यंत माझी गाडी ट्रकवर चढलेली.

म्हणजे जिथे माझी गाडी उभी राहायला पाहिजे होती तिथे गादी उभी होती, आणि दंड कोणाला? मला!

नियम नाहीत असं कोणी म्हणू नका. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळजवळ अख्ख्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आहे, आपलं नागपूर तिच्यातच आलं. दुकान असो, ऑफिस असो, दवाखाना असो, क्षेत्रफळ किती, त्यावर किती कार अन् किती दुचाकींची जागा सोडायची ते तक्त्यात लिहिलेलं आहे. एका कारला अडीच मीटर बाय पाच मीटर, स्कूटरला एक बाय दोन. नकाशा त्याशिवाय मंजूर होत नाही. मग नकाशात पार्किंग असतं, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) निघेपर्यंत पिवळे पट्टेही असतात. नंतर एका रविवारी वेल्डिंगवाला येतो आणि सोमवारी शटर लागलेलं असतं. माझा पी-३ तसाच गेला असणार. पट्टे पुसायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नाही, इतका निवांतपणा!

हिशोब साधा आहे. एका कारची जागा म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ फूट. तेवढ्यात चहाची टपरी अन् मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आरामात बसतं. गाडी भाडं देत नाही, टपरी दर महिन्याला देते. घरांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलं की मोकळं किंवा स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. इथे वेगळं विकायची भानगडच नाही, त्याला शटर लावलं की झालं दुकान.

बरं, आता थोडी शांत झाले आहे. ज्याच्यावर मी दुकानात उभी राहून चिडले, त्याच पोराने स्वतःच्या बाईकवर बसवून मला गाडी सोडवायला नेलं. ४४ डिग्रीत. वाटेत म्हणाला, ‘आम्ही तर किरायाने आहो ताई, आम्हाला दुकान म्हणूनच दिलं.’ खरं आहे. त्याने काय करावं? स्वतःची बाईकही तो समोरच्या नालीच्या स्लॅबवर लावतो.

आणि हो, हजार-पंधराशे फुटांच्या प्लॉटवर दोन दुकानं काढणाऱ्या माणसाला हा तक्ता जड जातो, हेही मान्य. आपल्या जुन्या लेआउटमध्ये प्लॉटच तेवढे. गाडी वळायला जागा सोडली की दुकानाला काय उरणार? त्याला सूट द्या, गल्लीत मिळून एक पार्किंग करा, काहीही करा. पण तीन मजले चढवणाऱ्याला कसली आली अडचण? अन् ‘मेट्रोने जा’ असं कमेंटमध्ये कोणी लिहू नका. सहा बाय पाचची गादी घेऊन सीताबर्डीला मेट्रो बदलून दाखवा, मग बोलू.

मला एकच गोष्ट हवी आहे. प्रत्येक अशा इमारतीच्या दारावर बोर्ड लावा: मंजूर पार्किंग कार इतक्या, दुचाकी इतक्या. पेट्रोल पंपावर भाव लिहितात तेवढ्या मोठ्या अक्षरात. मग आम्ही आत शिरून मोजू. गाड्या उचलणारा ट्रक आठवड्यातून एकदा शटरसमोर थांबू द्या. बघू काय उचलतात ते.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगचा विषय कोणी काढायच्या आत मीच सांगते, पाहुण्यांच्या जागेत आमचा जुना कूलर उभा आहे, लोखंडी स्टँडसकट. त्याच्या जाळीतल्या गवताच्या टट्ट्याही मागच्या वर्षीच्या. काढणार आहे.

आत्ताच त्या पोराचा फोन आला. गादी पसंत असेल तर उद्या सकाळी घरपोच पाठवतो म्हणाला, पैसे नंतर दिले तरी चालेल. भला पोट्टा आहे. फोन ठेवता ठेवता विचारलं, ‘ताई, तुमच्याकडे टेम्पो कुठे लावायचा?’