चौदा नंबर आणि साडेपाच हजार टीएमसी

ग्रुप टूरमध्ये माणसाचं नाव विमानतळावरच संपतं. पुढे तो नुसता नंबर. कैरोच्या फलाटावर टूर लीडरने आमची मोजणी घेतली तेव्हा छत्तीस भरली. त्यानंतर सबंध नाईलकाठी ती काही पुन्हा भरली नाही. सतरा नंबरच्या काकू बाथरूम शोधत असायच्या आणि चौदा नंबरचे काका कुणाला तरी प्रश्न विचारत असायचे.

कैरो ते अस्वान रात्रभराचा रेल्वेप्रवास. पत्रकात ‘आलिशान शयनयान’ असं छापलं होतं. दोघांची खोली, एक बर्थ वर, एक खाली. बॅग उघडायची झाली तर एकाने पॅसेजमध्ये जाऊन उभं राहायचं. माझ्या वाट्याला चौदा नंबर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रुळांच्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून ते कालव्यांच्या गळतीविषयी बोलत होते आणि मी मन लावून घोरत होतो. पहाटे त्यांनी मला गदागदा हलवलं.

“उठा, ऊस आलाय!”

खिडकीबाहेर नाईल होती, खजुरी होत्या, मागे वाळवंट होतं. काकांना ऊस दिसला. पाण्याच्या पाळीपासून तोडणीपर्यंत सगळं त्यांनी मला अस्वान येईस्तोवर समजावलं.

अस्वानला क्रूझच्या बोटी धक्क्याला एकीला एक खेटून उभ्या असतात. आपल्या बोटीवर जायचं तर आधी तीन परक्या बोटींच्या लॉबीतून जावं लागतं. सतरा नंबर दुसऱ्याच लॉबीत थांबल्या, तिथलं स्वागताचं लालभडक करकदे प्यायल्या, “अगं बाई, हे आपल्या अंबाडीच्या बोंडांचं सरबत!” असं एका जर्मन बाईंना मराठीत पटवून दिलं आणि त्यांच्याच ग्रुपबरोबर जेवायला बसल्या. त्यांना परत आणेपर्यंत आमचं सूप गार झालं.

दुसऱ्या दिवशी हाय डॅम, म्हणजे नाईलवरचं अस्वानचं मोठं धरण. इथे बहुतेक प्रवासी फोटो काढून दहा मिनिटांत बसमध्ये चढतात. गाइडने नेहमीचं म्हणून दाखवलं: १९६० ते १९७० बांधकाम, सोव्हिएत मदत, उंची १११ मीटर, लांबी पावणेचार किलोमीटरच्या पुढे. काकांनी हात वर केला.

“टीएमसी किती?”

गाइड गोंधळला. त्याच्याकडे होते १६२ अब्ज घनमीटर. काकांना हवे होते टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यांनी मोबाइल काढला, भागाकार केला, पुन्हा केला. “साडेपाच हजारांच्या वर! आपली कोयना एकशेपाच. पन्नासाहून जास्त कोयना आहेत हो याच्यात!” ग्रुपमधलं सांगलीचं जोडपं कठड्यापासून दोन पावलं मागे सरकलं.

अबू सिंबेलसाठी रात्री तीनला उठवतात. हातात नाश्त्याचा खोका: एक थंड पाव, एक उकडलेलं अंडं, शाकाहाऱ्यांना अंड्याऐवजी आणखी एक थंड पाव. वाळवंटातून सुमारे २८० किलोमीटर माना टाकत गेल्यावर समोर देवळाच्या दारात फॅरो रामसेस दुसरा, तोही चार वेळा, प्रत्येक पुतळा वीसेक मीटर उंच. झोप उडाली, खोटं कशाला सांगू. हाय डॅमच्या नासर सरोवरात बुडू नये म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ मध्ये हे अख्खं देऊळ कापलं, तुकड्यांवर नंबर घातले, सुमारे ६५ मीटर वर नेलं आणि पुन्हा जोडलं. गाभाऱ्यात २२ फेब्रुवारीला आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण येतात, तेही सांभाळलं. चार मूर्तींपैकी प्ताह तेवढा अंधारात राहतो. एवढ्या जलविद्युत प्रकल्पाशेजारी राहून त्याचं भारनियमन काही संपलेलं नाही. टन टन वजनाचे नंबर घातलेले दगड बिनचूक जागी बसले. आमचे नंबर सेल्फीतून निघून बसमध्ये बसायला पाऊण तास लागला.

शेवटी मोटारबोटीने नुबियन गाव, म्हणजे इथल्या मूळच्या नाईलकाठच्या लोकांचं. निळीपिवळी घरं, अंगणात वाळू, टाक्यात मगर. मगर हातात घेऊन फोटो काढायची सोय होती. मगरीचा चेहरा माझ्याइतकाच कंटाळलेला होता, म्हणून मी तिला सोडलं. काका मात्र यजमानाशेजारी बाकावर बसले. धरणामुळे इजिप्तमधल्या जवळजवळ पन्नास हजार नुबियनांना १९६३-६४ मध्ये गावं सोडावी लागली, बहुतेकांना कोम ओम्बोकडे नेऊन वसवलं, त्यांत त्याचे नातेवाईकही होते, असं यजमान सांगत होता.

“जमिनीला जमीन मिळाली का?” काका.

गाइडने विचारलं. यजमान बराच वेळ बोलला. गाइडने सारांश दिला: नवी गावं नदीपासून लांब. नदीकाठच्या माणसांना नदीच दिसेना.

“नंबर टाकून देवळं हलली,” काका म्हणाले, “यांची फाइल हलली का, विचारा.”

गाइडने विचारलं मात्र, यजमान मांडी थोपटून हसत सुटला. आत वळून त्याने ते वाक्य घरच्यांना ओरडून सांगितलं, तसे आतूनही दोघे-तिघे हसले. एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला आणि काकांसमोर स्टूल ओढून बसला. काकांनी कोयनेच्या धरणग्रस्तांचं सुरू केलं. चहाचे नवे पेले आले. धक्क्यावरून टूर लीडर “चौदा! चौदा नंबर!” म्हणून ओरडत होता. काकांनी न वळता हात वर केला, हजेरी लावली आणि म्हाताऱ्याला विचारलं, “बरं, एकरी किती दिले?”