18 व्होल्ट, सीओटू आणि हाताचं वळण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मिग वेल्डिंगवरच्या (गनमधून सतत येणारी वायर गॅसच्या आवरणात वितळवून जोडणं) माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की, 3 मिमी पत्र्यासाठी मी दिलेल्या 18 व्होल्टवर तुमची वायर नीट न वितळता पत्र्याला ठोकर मारते, टाका (म्हणजे बीड, वेल्डची पट्टी) दोरीसारखा उंच बसतो. आणि तसंही बीड हातानं सुधारते, नॉब फिरवून नाही.

पहिल्याचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे: तुम्ही गॅस म्हणून साधा सीओटू (नुसता कार्बन डायऑक्साइड) वापरता. लेखातला आकडा 80-20 मिश्रण (80 टक्के आर्गॉन, 20 टक्के सीओटू) आणि 0.8 मिमी वायरचा आहे, तसं वर लिहिलंय. त्याच वायर स्पीडला सीओटूवर साधारण एक-दोन व्होल्ट जास्त लागतात. तेव्हा वायर स्पीडला हात लावू नका. फक्त व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्यानं चढवा आणि दरवेळी भंगारातल्या पट्टीवर बोटभर रन मारा. एका जागी वायर गनला मागे रेटायची थांबते, तडतड एकसारखी होते, बीडच्या कडा पत्र्यात मिसळतात. तिथंच थांबायचं. आणखी चढवलंत तर मोठे थेंब उडतील, कडेला अंडरकट, म्हणजे पत्रा खाल्ल्यासारखी खाच, येईल. सीओटूवर थोडा स्पॅटर (उडून चिकटणारे थेंब) राहणारच, तो शून्यावर आणायच्या नादाला लागू नका. इंडक्टन्सची नॉब (करंट किती झपाट्यानं चढतो ते ठरवणारी) असेल तर ती मात्र जरूर थोडी वाढवून बघा.

आता हात. तो लागतोच, पण सेटिंग चुकीचं ठेवून सराव केला की हात मशीनचे दोष झाकायला शिकतो. उद्या दुसऱ्या मशीनवर बसलात की पुन्हा श्रीगणेशा. हाताचं खरं काम गनच्या टिपेबाहेर आलेली वायर 10-12 मिमी राखणं. गन लांब गेली की करंट पडतो, बीड अरुंद होऊन वरच बसते, आणि दोष येतो सेटिंगवर.

तुमच्या फोटोतली टाचणीच्या टोकाएवढी भोकं मात्र ना व्होल्टेजची, ना हाताची. पत्र्यावरची काळी पपडी थेट टाक्याला भिडलेली दिसतेय. ती ग्राइंडरनं काढा, नोझलमधला स्पॅटर खरवडा. आणि पंख्याचा झोत कामावर येत असेल तर सिलिंडर कितीही उघडा, गॅस उडूनच जाणार.

'देखणी बीड म्हणजे मजबूत बीड नव्हे' हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मिगमध्ये तर थंड, म्हणजे पत्र्यात न मुरलेला, टाकाही वरून झकास दिसतो. नव्या सेटिंगवर एक टी-जॉइंट एकाच बाजूनं मारा, उभी पट्टी टाक्याच्या बाजूला हातोड्यानं पाडा. टाका पत्र्यावरून सोलून निघाला तर आत गेलाच नव्हता. त्या तुटलेल्या कडेचा फोटो टाका, मग पुढचं बोलू.