कूटप्रश्न

फूड ॲलर्जीच्या रक्तचाचणीला उपाशी यावं लागत नाही. हे आम्ही फोनवर सांगतो, पावतीवर छापतो, आणि तरीही सकाळी साडेसहाला पुण्यातली तळजाईची टेकडी उतरून मंडळी थेट आमच्या लॅबच्या बाकावर येऊन बसतात. पोटात पाण्याचा थेंब नाही. शुगर आणि कोलेस्टेरॉलनं या शहराला लावलेली शिस्त आहे ती. ‘चहा-पोहे करून आलात तरी चाललं असतं’ म्हटलं की चेहऱ्यावर संशय उमटतो. उपाशी न ठेवता केलेल्या चाचणीत दम तो काय असणार!

गोळ्यांचंही तेच. अँटीहिस्टॅमिन, म्हणजे खाजेची गोळी, त्वचेवरच्या चाचणीआधी साधारण आठवडाभर बंद ठेवतात, कारण तिच्यामुळे टोचलेल्या जागी गांधच उठत नाही. रक्तातल्या मोजणीवर तिचा काही परिणाम होत नाही. तरी नेमका अंगभर खाजणारा माणूस आठ दिवस गोळी सोडून, रात्री जागून, दोन्ही दंड नखांनी सोलून येतो. कोणी सांगितलं? शेजारच्या काकूंनी. काकूंची चाचणी त्वचेची होती.

रक्त घेणं हा त्यातला सोपा भाग. दंडाला पट्टा, कोपराच्या खोबणीतली शीर बोटानं चाचपायची, पट्टा मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. पिवळ्या टोपणाची नळी, तळाशी जेल, रक्त तीन ते पाच मिली. ‘एवढं?’ असं विचारणाऱ्यांसाठी: इम्युनोकॅप या प्रसिद्ध चाचणीच्या यंत्राला एका पदार्थासाठी 40 मायक्रोलिटर सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पिवळसर पाणी) पुरतं, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. नळी पाच वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायची. घुसळायची नाही, ताक नाही ते. घुसळली की तांबड्या पेशी फुटतात, पिवळसर सीरमच्या जागी कोकम सरबत दिसतं आणि त्याच माणसाला पुन्हा बोलवावं लागतं. मग अर्धा तास रक्त गोठू द्यायचं आणि दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. घाई केली तर सीरममध्ये रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचे धागे राहतात आणि पिपेटमध्ये अडकतात. तार पाकाला आलेली चांगली.

यंत्रात शोधायची असते ती आयजीई नावाची प्रतिपिंडं. स्पंजसारख्या तुकड्यावर शेंगदाण्याची प्रथिनं चिकटवलेली असतात. त्यावर सीरम सोडायचं. शेंगदाण्याविरुद्धची आयजीई असेल तर ती धरून बसते, बाकीचं धुऊन जातं आणि उरलेल्याची मोजणी होते. ही आयजीई 1960 च्या दशकात अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींना आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिच यांना स्वतंत्रपणे सापडली, आणि 1968 मध्ये सगळ्यांच्या संमतीनं तिला एकच नाव मिळालं. पुण्यात सापडली असती तर दोन मंडळं आणि दोन व्याख्यानमाला झाल्या असत्या.

खरी ओढाताण खिडकीशी होते. ‘कोणत्या पदार्थासाठी?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सगळ्या.’ दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, तीळ, काजू, मासा, कोळंबी. सुट्या वाट्या मागवण्यापेक्षा थाळी परवडते, हा हिशोब खानावळीत बरोबर आहे. इथे थाळी घेतली की नको ते पदार्थ पानात पडतात.

उदाहरणार्थ, सदाशिव पेठेतलं असं घर घ्या, जिथे तीन पिढ्यांत अंडंसुद्धा उंबरा ओलांडून आलेलं नाही. आजोबांच्या रिपोर्टात कोळंबी पॉझिटिव्ह. घरात शांतता. आजी रिपोर्टाकडे नाही, आजोबांकडे बघताहेत. 1974 सालची गोव्याची सहल, मित्रांबरोबरची, सगळ्यांना एकदम आठवते. आजोबा निर्दोष आहेत. कोळंबीच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, आणि त्याची जवळची भावंडं गादीतल्या धूळकिड्यांत आणि स्वयंपाकघरातल्या झुरळांत असतात. धुळीची ॲलर्जी असलेल्याच्या रक्ताला हे चेहरे सारखेच दिसतात. तेव्हा चौकशी करायचीच तर गादीची करावी.

गवताच्या परागांची ॲलर्जी असलेला, रोज चार पोळ्या खाऊन ठणठणीत असलेला माणूस याच वाटेनं गव्हाला पॉझिटिव्ह निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी शिकतो. भाकरी चांगलीच आहे. कारण चुकीचं आहे.

रक्तात आयजीई सापडणं म्हणजे शरीरानं त्या पदार्थाची दखल घेतली आहे, एवढंच. बंगळूर-म्हैसूरकडच्या प्रौढांची एक पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडली 26.5 टक्क्यांत, लक्षणांसकट ॲलर्जी असण्याची शक्यता होती फक्त 1.2 टक्के लोकांत. मधली सगळी मंडळी निवांत जेवत होती; फक्त त्यांना रिपोर्ट दाखवायला कोणी गेलं नव्हतं. आकड्यांचंही तसंच. रिपोर्टात आयजीई 0.35 युनिटच्या (किलोयुनिट प्रति लिटर) वर गेली की पॉझिटिव्ह, पुढे सहापर्यंत वर्ग. आकडा मोठा तसा ॲलर्जी खरी असण्याचा संभव मोठा. पण तो झटका किती जोराचा येईल हे सांगत नाही. वर्ग दोनवालाही गुदमरू शकतो. शाळेच्या टक्केवारीची सवय असलेल्या आईबापांना हे पटवताना आमचा घसा कोरडा पडतो.

उलट बाजूही आहे. मस्तानी प्यायल्यावर दोन तासांनी पोट गुडगुडत असेल तर तो बहुधा दुधातली साखर न पचण्याचा प्रकार. त्यात आयजीईचा काही संबंध नाही, रिपोर्ट कोराच येणार. आणि शेदोनशे पदार्थांची आयजीजी चाचणी करून ‘हे हे वर्ज्य’ अशी रंगीत यादी देणाऱ्यांपासून पाकीट जपा. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता याची रक्तातली नोंद. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्येच सांगितलं की निदानासाठी ही चाचणी करू नये. गंमत म्हणजे रोज खाल्लेलंच त्या यादीत लाल रंगात येतं.

तेव्हा रक्ताच्या आधी कागद आणा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं, पुन्हा खाल्ल्यावर तसंच झालं का. आयजीईची ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत हजर होते. परवाच्या लग्नातल्या जिलबीवर आज खटला भरू नये. आपल्याकडे अवघड एवढंच की शेंगदाण्याला ‘मी शेंगदाणा’ असं सांगायची सवय नाही. कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात तो कूट होऊन बसतो. मिसळीच्या फरसाणात तळलेला असतोच. शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. हौसेनं तेल बदललेल्या घरांनी हे लिहून ठेवावं. गव्हाची शंका असेल तर हिंगाच्या डबीचं लेबल वाचा. बांधणीच्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा असतो.

कागद आणि रिपोर्ट जुळले नाहीत तर शेवटचा शब्द खाऊन बघण्याच्या चाचणीचा. ती रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरायच्या तयारीत ठेवून करतात. कणभरापासून सुरुवात, पंधरा ते तीस मिनिटांच्या अंतरानं वाढवत. घरी स्वतःच्या जबाबदारीवर अजिबात नाही.

या चाचणीला मात्र पोट रिकामं किंवा हलकं ठेवून यायचं असतं, आणि खाजेच्या गोळ्याही आधीपासून बंद. त्या दिवशी मंडळी गोळी घेऊन, मिसळ खाऊन येतात.