‘कट्यार’ची गाणी कुणाची?

‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटाबद्दल व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. ही विश्रामपूर संस्थानात घडलेली खरी गोष्ट आहे, ती हिंदू पंडित विरुद्ध मुसलमान उस्ताद अशी आहे, आणि गाणी सगळी शंकर-एहसान-लॉय यांची आहेत, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. तिन्ही गोष्टी चूक आहेत. तिसरी तर मनाला लागते.

विश्रामपूर, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले हे दोन प्रतिस्पर्धी गायक, एक खून माफ असलेली ती कट्यार हे सगळं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी कल्पनेतून उभं केलं. त्यांचं संगीत नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. चित्रपट २०१५ च्या दिवाळीतला.

धर्माचं म्हणाल, तर चित्रपटच नीट पाहा. पंडितजींचा आवाज जावा म्हणून त्यांना शेंदूर खाऊ घालण्याचं पाप खाँसाहेबांच्या बायकोकडून होतं, तेही वर्षानुवर्षं हरणाऱ्या नवऱ्याच्या अपमानापोटी. खाँसाहेबांची मुलगी झरीना उभी राहते ती सदाशिवच्या पाठीशी. आणि हा सदाशिव, पंडितजींच्या गाण्यावर जीव टाकणारा, लपूनछपून ऐकतो ते खाँसाहेबांचंच गाणं! भांडण मत्सराचं आणि मानाचं आहे, दोन गायक्यांचं आहे.

आता गाणी. ‘सूर निरागस हो’, ‘मनमंदिरा’, ‘यार इलाही’ ही शंकर-एहसान-लॉय यांची, आणि सुंदरच आहेत. ‘अरुणी किरणी’साठी तर महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ‘घेई छंद मकरंद’, ‘सुरत पिया की’, ‘तेजोनिधी लोहगोल’ ही पदं मूळ नाटकातली. त्यांना चाली दिल्या पं. जितेंद्र अभिषेकी यांनी, चित्रपटाच्या ४८ वर्षं आधी.

‘घेई छंद’ एकदा कान देऊन ऐका. शब्द तेच, पण पंडितजींचं पद शब्दाशब्दावर विसावत जातं, भ्रमर खरंच फुलावर टेकल्यासारखं. तेच शब्द खाँसाहेबांच्या तोंडी आले की चाल बदलते, ताना झेपावतात, मुखडा झडप घालून पकडला जातो. दोन घराण्यांतलं वैर संवादांआधी चालींतूनच कळतं. नाटकाचा कणाच अभिषेकीबुवांनी सुरांत बांधला होता, आणि त्यांचंच नाव गाळून मजकूर पुढे जातो.

नाटकात खाँसाहेब रंगवले वसंतराव देशपांडे यांनी. चित्रपटात सचिन पिळगांवकरांच्या खाँसाहेबांना आवाज आहे राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवसाठी गायलेले महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य. तो मजकूर तुमच्याकडे आला, तर पुढे ढकलण्याआधी त्यात दारव्हेकर आणि अभिषेकी ही दोन नावं तेवढी घाला.