आपला पोऱ्या असं करसच नही

‘ॲडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका मार्च २०२५मध्ये नेटफ्लिक्सवर आली. मी राहतो इंग्लंडात, पण तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या आमच्या नात्यागोत्यातल्या फोनवरच्या गटांत एकच सूर लागलाय. तिकडे घर नावाची गोष्टच उरली नाही, म्हणून तेरा वर्षांच्या पोरावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो. आपल्याकडे आजी-आजोबा आहेत, संस्कार आहेत, आपला पोऱ्या असं करसच नही. मग कुणीतरी अमळनेरचं, साने गुरुजींचं नाव काढतं आणि विषय मिटतो.

मला याचा संताप येतो. मालिकेतलं घर मोडलेलं नाहीच. आई-बाप एकत्र राहतात, बाप प्लंबर आहे, दिवसभर राबतो, थोरली बहीण सरळ वळणाची आहे. मुलगा रात्री दार लावून आपल्या खोलीत बसतो आणि आई-बापाला वाटतं, पोरगं घरात आहे म्हणजे सुखरूप आहे. पारोळ्यातल्या घरात यापेक्षा वेगळं काय चालतं? गुरुजी १९२४मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, छात्रालय सांभाळलं, मुलांमध्ये राहिले. मालिकेतल्या शाळेत नेमकं हेच कुणी करत नाही. पोरं फोनवरच्या चिन्हांनी एकमेकांना काय टोचतात, हे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा स्वतःचा मुलगा समजावून सांगतो, तोवर एकाही मोठ्या माणसाला पत्ता नसतो. गुरुजींचा दाखला द्यायचा असेल तर तो इथे द्यावा.

गटातला दुसरा आक्षेप असा की पोलीस त्या पोराचे लाडच फार करतात. त्यात लाड कसले? इंग्लंडच्या १९८४च्या पोलीस कायद्याने अठराच्या आतल्या मुलाची चौकशी घरचं किंवा नेमलेलं मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय करता येत नाही. वकील फुकट मिळतो, सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. आरोपपत्राशिवाय २४ तास ठेवता येतं, सुपरिटेंडेंटच्या परवानगीने ३६ आणि मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन जास्तीत जास्त ९६. पण त्याच ठाण्यात बापाच्या डोळ्यांदेखत पोराचे कपडे उतरवून झडतीही होते. इंग्लंडात दहाव्या वर्षापासून मूल गुन्ह्याला जबाबदार धरलं जातं. खुनाचा खटला तेराव्या वर्षीही क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या वरच्या कोर्टात, ज्युरीपुढे, म्हणजे साध्या नागरिकांच्या पंचांपुढे चालतो आणि दोष सिद्ध झाला तर बेमुदत कैद ठरलेली.

आपला कायदा याहून मऊ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. हेच प्रकरण अमळनेरात घडलं असतं तर २०१५च्या बाल न्याय कायद्याने मुलाला कोठडीत घालता आलं नसतं. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागलं असतं. मंडळावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक बाई हवीच. पोलिसांनी आई-बापाला लगेच कळवायचं आणि परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत घरच्या परिस्थितीचा अहवाल द्यायचा. सोळाच्या आतल्याला प्रौढ म्हणून उभं करता येत नाही. अशा मुलांसाठीच्या विशेष गृहात ठेवायची कमाल मुदत तीन वर्षं. ‘पोलिसांपुढे कबुली दिली’ अशा मथळ्याला कोर्टात किंमत नाही, कारण तशी कबुली पुरावा म्हणून चालत नाही. इंग्लंडात ध्वनिमुद्रित बोलणं चालतं, इतकंच काय, गप्प बसल्याचाही अर्थ काढता येतो.

मग बिघडतं कुठे? बहुतेकदा वयापाशी. कायदा आधी शाळेचा जन्मदाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र मागतो, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेत नाव घालताना अंदाजाने एक जून लिहिण्याची पद्धत आपल्याकडे होती. अशी चुकीची तारीख सोळा किंवा अठराच्या उंबरठ्यावर सगळं प्रकरण फिरवते. दुसरा घोटाळा घरचेच करतात. पहिला फोन ओळखीच्या पुढाऱ्याला जातो, खरं तर तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला जायला हवा. मुलांना तिथून मोफत वकील मिळतो, घरची कमाई कितीही असो.

आपल्या मालिकांत यातलं काहीही दिसत नाही. पोरगं सरळ गजांआड असतं, कोर्टात आत्या साक्षीदाराच्या अंगावर धावून जाते, जज लाकडी हातोडा आपटतात. तो हातोडा जळगावच्या जिल्हा न्यायालयात नाही आणि इथल्या क्राउन कोर्टातही नाही. लिहिणाऱ्याने एक दिवस कोर्टात बसून पाहिलं असतं तरी हे टळलं असतं.

इथे मतदार यादीत नाव असेल आणि वास्तव्य पाच वर्षांचं झालं असेल तर कॉमनवेल्थ देशाच्या नागरिकालाही ज्युरीचं बोलावणं येऊ शकतं. म्हणजे खिशात भारतीय पासपोर्ट असलेला खान्देशी माणूस इथल्या पोराचा निवाडा करायला बसू शकतो. त्याने त्या खटल्याची माहिती नेटवर शोधली तर तो गुन्हा, बंद खोलीतली चर्चा बाहेर सांगितली तर तोही गुन्हा. आपल्याकडे ज्युरी केव्हाच गेली, पण गटात मात्र बातमी आल्या संध्याकाळी निकाल लागलेला असतो. ज्या देशाला मी अजून माझा म्हणत नाही, तो माझ्यावर एवढं सोपवायला तयार आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास ज्या गावाच्या नावासरशी आठवतो, तिथे मात्र ‘तू तिकडचा, तुला काय कळतं’ एवढ्यावर माझं बोलणं संपवलं जातं. ते मला लागतं. इथे कुणाला सांगून ते समजणारही नाही.

तरी सांगतोच. उद्या चोपड्याची किंवा शिरपूरची अशी बातमी आली, तर मुलाचं नाव, शाळा, बापाचा धंदा, घराचा फोटो पुढे ढकलू नका. ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ची बंदी आहे, ती वर्तमानपत्रांपुरती नाही, संपर्काच्या इतर साधनांनाही लागू आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ते घर ओळखीचं असेल तर जा, शाळेचा दाखला मिळवून द्या. मंडळापुढे पहिल्याच दिवशी तो लागतो आणि त्या दिवशी आई-बाप शाळेपर्यंत जायच्या अवस्थेत नसतात.