फ्लॅश पडला की क्लिप तोडायची, हे या एडिटिंग सॉफ्टवेअरवाल्यांना सांगितलं कुणी?

एका मुलीच्या परवाच्या एकल तबलावादनाचं फुटेज रात्री सॉफ्टवेअरमध्ये आत घ्यायला लावून झोपलो आणि सकाळी बघतो तर अख्ख्या कार्यक्रमाचा भुगा. पेशकार, कायदे, रेले, तबल्यातलं सगळं सलग वाजलं होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, एकच फ्रेम, बटण एकदा दाबलं ते शेवटच्या टाळीपर्यंत बंद केलं नाही. आणि बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या क्लिपांच्या डब्यात, काय? 'अनटायटल्ड १', 'अनटायटल्ड २', 'अनटायटल्ड ३'... शेकड्याने! एक क्लिप दोन सेकंदांची, दुसरी सातची, मधूनच एखादी पाच मिनिटांची.

कारण कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या रांगेत मंडळाचे हौशी फोटोवाले बसले होते. ते फ्लॅश मारायचे, क्षणभर सगळं पांढरं व्हायचं आणि या शहाण्या सॉफ्टवेअरला वाटायचं, दृश्य बदललं. तोड क्लिप! अरे कसलं डोंबलाचं दृश्य बदललं? तीच मुलगी, तोच कुर्ता, तोच तबला, मागे तोच सुरकुतलेला बॅनर.

आणि फोटोवाले फ्लॅश मारणार कधी? समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर! कारण वाजवणारा तेव्हाच मान वर करून हसतो. म्हणजे या सॉफ्टवेअरने कात्री लावली ती नेमकी समेवर. चक्रदार, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारी रचना, चढत चढत येतोय, साथीची सुरावट धरणाऱ्या लेहरेवाल्याने मान डोलावलीय, तिसरा पल्ला संपत आलाय, आता शेवटचा 'धा'... आणि क्लिप संपली. 'धा' पुढच्या क्लिपमध्ये. पुढची कुठली, ते शोधा. कारण यादी लागलीय १, १०, १००, १०१, ११ अशी. आकड्याआधी शून्यं लावायची अक्कल यांना अजून येऊ नये? ज्या माणसाने हे केलं त्याला तबल्यासमोर बसवून सम कुठे आहे ते हातावर मोजून दाखवावंसं वाटतं.

तो 'दृश्य बदललं की तोडा'वाला पर्याय मी कधीच बंद करून ठेवला होता. अपडेट आला, टिक परत आली. न विचारता, न सांगता. माझ्या मशिनवर, माझ्या फुटेजवर.

बरं, नावं तरी? सगळ्या क्लिपांवर कालची तारीख. का? तर आत घेतल्या काल. अहो, मी कॉपी कधी केली याच्याशी कुणाला काय देणंघेणं आहे? कार्यक्रम परवाचा होता. कॅमेऱ्याने तारीख, तास, मिनिट, सेकंद सगळं फाईलच्या पोटात लिहून ठेवलंय. ते वाचायचं सोडून वर 'अनटायटल्ड'! बारशाला आलेल्या पाहुण्याने आईबापांना न विचारता पोराचं नाव ठेवून मोकळं व्हावं, तसला आगाऊपणा.

मिनीडीव्ही कॅसेटच्या काळात हेच काम नीट होत होतं, हे आठवलं की जास्तच चिडचिड होते. डीव्ही १९९५ मधलं. ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटंच लागायची, तासाला १३ जीबी जागा खायची, फायरवायरची केबल जरा हलली की परत पहिल्यापासून. कॅसेटवर मध्ये कोरी जागा राहिली की टाइमकोड, म्हणजे टेपवरच्या जागेचा आकडा, पुन्हा शून्यावर, मग एकाच कॅसेटवर एकाच टाइमकोडच्या दोन जागा. मला त्या काळाचे उमाळे अजिबात येत नाहीत. पण फुकटातली चिमुकली कॅप्चर सॉफ्टवेअरं टेपवरची तारीख-वेळ वाचायची, रेकॉर्डिंग जिथे थांबलं तिथेच तोडायची आणि फाईलला त्याच वेळेचं नाव द्यायची. पंगत कुठली आणि सप्तपदी कुठली ते नावाच्या आकड्यावरून कळायचं. आता दरमहा पैसे मोजून हे मिळतंय.

त्यात कॅमेऱ्यानेही आधीच आपली कात्री चालवलेली असते. रेकॉर्डिंगचा फॉर्मॅट एव्हीसीएचडी, वेग सेकंदाला २४ मेगाबिट, म्हणजे अकरा-साडेअकरा मिनिटांत २ जीबी भरले की नवी फाईल. फॅट३२ या कार्डावर फाईली ठेवायच्या जुन्या पद्धतीत ४ जीबीच्या वरची फाईल मावत नाही, हे मान्य. पण ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीवर चालतात, तिथे ती अडचणच नाही, तरी तुकडे पाडायची खोड जात नाही. ते तुकडे कसे जोडायचे याची सगळी माहिती कार्डावरच 'क्लिपइन्फ' आणि 'प्लेलिस्ट' फोल्डरांत असते. ती वाचली तर सांधा कळतसुद्धा नाही. हे सॉफ्टवेअर त्या फोल्डरांकडे ढुंकून बघत नाही. 'स्ट्रीम' फोल्डरातल्या एमटीएस व्हिडिओ फाईली उचलणार, एकामागे एक लावणार आणि प्रत्येक सांध्यावर 'खट्ट'. चित्राची फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आवाजाचं पाकीट ३२ चं, दोन्ही दर वेळी एका जागी संपत नाहीत. फ्रेमवर कापलं की बहुतेक वेळा पाकीट फाटलं. भाषणात एखाद्याला ते ऐकू येणार नाही. द्रुत रेल्यात बहिऱ्यालाही ऐकू येईल.

आणि दर कार्डावर पुन्हा '०००००.एमटीएस'पासून सुरुवात! दुसरं कार्ड त्याच फोल्डरात टाकलं की विचारणार, 'रिप्लेस करू?' ओळखीच्या एका पोराने घाईत 'हो' म्हटलं आणि कुणाच्या तरी हळदीचा पूर्वार्ध कायमचा गेला. त्याला सगळे ओरडले. ज्यांनी जगातल्या प्रत्येक कार्डावरच्या पहिल्या फाईलला एकच नाव दिलं, त्यांना कोण ओरडणार?

अ‍ॅक्शन कॅमेरे तर आणखी पुढचे. त्यांच्यात तुकड्याचा नंबर आधी आणि शॉटचा नंतर. नावाने लावलं की सगळ्या शॉटांचे पहिले तुकडे एकत्र, मग सगळ्यांचे दुसरे. दिंडीचा अख्खा दिवस उलटापालटा. फोटोच्या कॅमेऱ्यांचं ते २९ मिनिटं ५९ सेकंदांचं नाटकही विसरलेलो नाही. युरोपात तीस मिनिटांच्या वर रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्यावर जास्त आयात शुल्क होतं, म्हणून इथे आमचं कीर्तन आख्यानाच्या ऐन रंगात बंद पडायचं.

हाताने नाव द्यावं म्हटलं तर 'कार्यक्रम_तबला_उत्तरार्ध' मराठीत लिहिलं की प्रोजेक्टमध्ये चौकोन. टायटलमध्ये रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरांचे पाय मोडून बाजूला पडतात. इमोजी मात्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत.

मला काही आकाशातला चंद्र नकोय. मी बटण दाबलं तिथे क्लिप सुरू, सोडलं तिथे संपली, आणि नाव त्या वेळेचं. कापाकापी करायला मी बसलोय ना इथे! तेच माझं काम आहे, त्याचेच मला पैसे मिळतात.

त्या मुलीला रेल्याचं रेकॉर्डिंग शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचंय. अट आहे, सलग, विनासंपादन. पहाटे उठून घासघासून बसवलेला रेला आहे तो, हात कुठेही अडखळलेला नाही. आणि तपासणाऱ्याला मध्ये एक 'खट्ट' ऐकू आलं तर तो काय म्हणणार? दोन वेळचं वाजवलेलं जोडलंय. तो संशय सॉफ्टवेअरवर घेणार नाही, तिच्यावर घेणार. म्हणून आता पूर्ण कार्ड फोल्डरांसकट उतरवून घेतलंय, ती टिक परत काढलीय आणि सगळं पहिल्यापासून आत घेतोय. तोवर 'दादा, पेन ड्राइव्ह कधी देताय' म्हणून कुणीही फोन करू नका.